२.४ की ५ गीगाहर्ट्झ? कॉलेजच्या वाय-फायचे दोन पट्टे

गडचिरोली-मेळघाटाकडच्या कॉलेजातही आता वाय-फायच्या यादीत एकच नाव दोनदा दिसतं, एकाच्या शेपटीला ‘५जी’. तो मोबाइलचा फाइव्ह-जी नव्हे. राउटरचा ५ गीगाहर्ट्झचा पट्टा आहे; पट्टा म्हणजे वाय-फाय ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्यांचा टप्पा. कार्यालयातही हा घोळ नेहमीचाच.

दुसरा पट्टा २.४ चा. त्याचा सिग्नल लांब जातो, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतो. राउटर ऑफिसात आणि तुम्ही दोन खोल्या सोडून बसला असाल, तर हाच घ्या. दुखणं गर्दीचं: एकमेकांत न घुसणारे चॅनेल (पट्ट्यातल्या वेगवेगळ्या वाटा) इथे जेमतेम तीन (१, ६ आणि ११), शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची लुडबुडही याच पट्ट्यात. परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी सगळं वसतिगृह यावर लटकलं, की बसा गोल फिरणारं चाक पाहत.

५ गीगाहर्ट्झवर चॅनेल भरपूर, वेगही जास्त. पण जाड भिंत आली की दम सुटतो. राउटरच्याच खोलीत ऑनलाइन मीटिंग असेल, तर डोळे मिटून हाच.

टिनाची शेड दोघांनाही अडवते. आणि रस्त्याच्या खोदकामात इंटरनेट आणणारी फायबर केबल तुटली असेल, तर पट्टा बदलून काही होत नाही: वाय-फायच्या रेघा पूर्ण दिसतात, कारण त्या फक्त राउटरपर्यंतची ताकद सांगतात.