फँटसी प्रीमियर लीगचा एक हंगाम: फॅन मँचेस्टर युनायटेडचा, कॅप्टन सालाह

ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या ग्रुपवर फँटसी लीगमध्ये शिरायचा कोड आला आणि मी टीम केली. मे २०२५ मध्ये हंगाम संपला. मधल्या ३८ आठवड्यांत एकही डेडलाइन चुकवली नाही, त्यामुळे बोलायचा हक्क आता मिळाला असं समजतो. नव्या हंगामात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी लिहितोय, आणि 'आम्हाला फुटबॉल कळतो, असले गेम कशाला' म्हणणाऱ्यांसाठीही.

खेळ थोडक्यात असा: खऱ्या सामन्यांत खेळाडू जे करतात त्याचे गुण तुमच्या कागदावरच्या टीमला मिळतात. इंग्लंडमधली फुटबॉलची सर्वोच्च लीग म्हणजे प्रीमियर लीग. तिचं हे अधिकृत फँटसी, सगळे एफपीएल म्हणतात, पूर्ण फुकट आहे. पैसे लावायचे नाहीत, काढायचे नाहीत. (क्रिकेटच्या जाहिरातवाल्या अ‍ॅपशी ह्याचा संबंध नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा.) १०० दशलक्ष पौंडांचं लुटुपुटूचं बजेट मिळतं. त्यात १५ जण घ्यायचे: दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड. एका क्लबचे जास्तीत जास्त तिघं. दर आठवड्याला ११ उतरवायचे, उरलेले चौघं बेंचवर, एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. आठवड्याला एक बदल फुकट, त्यापुढच्या प्रत्येक बदलाला चार गुण कापले जातात, त्याला 'हिट' म्हणतात. न वापरलेले बदल २०२४-२५ पासून पाचपर्यंत साठवता येतात, आधी दोनच साठायचे. जगभरात एक कोटीहून जास्त टीम असतात, पण खरी लढाई आपल्या ग्रुपातल्या दहा-बारा जणांशीच.

पहिल्या दिवशी प्रत्येक जण करतो तेच आम्ही सगळ्यांनी केलं, आधी मोठी नावं घेतली. मँचेस्टर सिटीचा हालंड १५.० दशलक्ष, लिव्हरपूलचा सालाह १२.५. दोघांतच २७.५ गेले. उरलेल्या तेरा जणांसाठी ७२.५, म्हणजे माणशी साडेपाचच्या आसपास. इथून पुढे टीम बांधणं सुरू होतं आणि इथेच फुटबॉल कळणाऱ्यांची दांडी उडते. कारण सामना बघताना आपलं लक्ष स्टारवर असतं. चार आणि साडेचारवाला डिफेंडर कोण, तो नव्वद मिनिटं खेळतो का, कुणाच्या दुखापतीमुळे आत आलाय, हे बघायची सवयच नसते. आमच्या ग्रुपात जो पहिला आला त्याची मोठी नावं बाकीच्यांसारखीच होती. त्याने हंगाम जिंकला तो बेंचवर.

बेंचचं एक बारीक कलम आहे, ते नीट वाचा. तुमचा खेळाडू मैदानात उतरलाच नाही तरच बेंचवरचा आपोआप आत येतो. एक मिनिट जरी उतरला तरी येत नाही. म्हणजे तुमचा नऊ-दहा दशलक्षांचा माणूस ८९व्या मिनिटाला ट्रॅकसूट काढून आत येणार, बॉलला पाय लागायच्या आत शिट्टी होणार आणि तुमच्या खात्यात एक गुण जमा. बेंचवरच्या साडेचारवाल्याने क्लीन शीट ठेवून (म्हणजे त्याच्या टीमने एकही गोल न खाता) सहा केलेले असतात, ते नुसते बघत बसायचे. सिटीचे खेळाडू घेतलेल्यांना हा प्रकार पाठ असतो. त्याला 'पेप रूलेट' म्हणतात, कारण सिटीचा तेव्हाचा प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला कुणाला बसवेल ह्याचा नेम नाही. खेळाडू येतच नसेल तर बरं, पण शेवटची दोन मिनिटं येणार असेल तर नको, हे फँटसीबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही.

आता फॉर्म. अ‍ॅपमध्ये प्रत्येक नावापुढे फॉर्मचा एक आकडा असतो. गेल्या ३० दिवसांत त्याच्या क्लबच्या सामन्यांमागे त्याने सरासरी किती गुण केले, एवढाच त्याचा अर्थ. नवा माणूस तो आकडा बघून बदल करतो. म्हणजे मागचा महिना विकत घेतो.

हालंडचंच घ्या. पहिल्या पाच सामन्यांत दहा गोल, त्यात इप्सविच आणि वेस्ट हॅमविरुद्ध लागोपाठ दोन हॅटट्रिक. सप्टेंबरअखेर त्याच्याशिवाय टीम म्हणजे वेडेपणा वाटत होता. पूर्ण हंगामाचे गोल किती झाले? २२. म्हणजे पुढच्या आठ महिन्यांत बारा. पोराचा पाय आखडला नव्हता. २२ सप्टेंबरला आर्सेनलविरुद्ध सिटीचा मिडफिल्डर रॉड्री ह्याचा गुडघा गेला, मधली फळी ढिली पडली आणि २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर ह्या काळात सिटी लीगमधले चार सामने ओळीने हरली. पंधरा दशलक्षांचा स्ट्रायकर बॉक्समध्ये उभा आणि बॉल पोचतोय कुठे? बॉक्सिंग डेला एव्हर्टनविरुद्ध पेनल्टी मिळाली, ती त्यांचा गोलकीपर पिकफर्डने अडवली, वर दोन गुण वजा. त्याला घ्यायचं की नाही ह्याचं उत्तर रॉड्रीच्या गुडघ्यात होतं, पण बघत सगळे हालंडचे आकडे होते.

सिटीच्याच फोडनचं उदाहरण आणखी बोलकं. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये १९ गोल, इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी मत देऊन निवडलेला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. किंमत लागली ९.५. अख्ख्या हंगामात सात गोल केले. उलट ख्रिस वूड बघा. नॉटिंगहॅम फॉरेस्टचा न्यूझीलंडचा गडी, हंगामात वयाची ३३ पूर्ण, किंमत ६.०. वीस गोल! ब्रायटनला ७-० धुतलं त्यात त्याची हॅटट्रिक. ऑक्टोबरपासून ऐकत होतो, 'हे टिकायचं नाही, दोन आठवड्यांत आटपेल.' पण नीट बघणाऱ्याला दिसत होतं की पेनल्टी तोच मारतो, दुसरा स्ट्रायकर त्याची जागा मागत नाही, आणि फॉरेस्टचा सगळा खेळ झटकन पुढे जाऊन बॉल त्याच्या डोक्यावर किंवा पायात टाकायचा.

ब्रेंटफर्डच्या एम्ब्यूमोचंही तसंच. आयव्हन टोनी ऑगस्टअखेर सौदीला गेला आणि पेनल्टीचं काम एम्ब्यूमोकडे आलं. खेळायचा पुढे, पण अ‍ॅपमध्ये नोंद मिडफिल्डरची. मिडफिल्डरच्या गोलला पाच गुण, फॉरवर्डच्या गोलला चार, शिवाय क्लीन शीटचा एक गुण वेगळा. त्यानेही वीस गोल मारले, सुरुवातीची किंमत फक्त ७.०.

म्हणून वर्षभरानंतर माझं मत असं झालंय की 'फॉर्मात आहे' हे वाक्य फार तर चौथ्या क्रमांकावर ठेवावं. आधी मिनिटं, मग पेनल्टी-फ्री किक कुणाकडे, मग त्याच्या मागे उभी असलेली टीम. ह्या तिन्ही गोष्टी जागेवर असतील आणि गोल होत नसतील तर थांबावं.

थांबण्याची खरी परीक्षा चेल्सीच्या कोल पामरने घेतली. सप्टेंबरमध्ये ब्रायटनविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच चार गोल मारणारा हा पोरगा. जानेवारीच्या मध्यापासून मे उजाडेपर्यंत लीगमध्ये एकही गोल नाही. खेळतोय रोज, पेनल्टीवर नाव त्याचंच, म्हणजे माझ्या कसोटीत बसणारा. मी तो ठेवला आणि ग्रुपात हसं झालं. कसोटी चुकली असं मी अजूनही म्हणत नाही. कसोटीचा तिसरा भाग मात्र, मागची चेल्सीची टीम, ढेपाळला होता, आणि ते दिसायला आकडेवारी लागत नव्हती. शेवटी ४ मे रोजी लिव्हरपूलविरुद्ध पेनल्टीवरच त्याचा दुष्काळ संपला.

सालाहबद्दल काय सांगावं. २९ गोल, १८ असिस्ट (गोलला शेवटचा पास), फँटसीत ३४४ गुण, तोवर एका हंगामात कुणी एवढे केले नव्हते. सुरुवातीला त्याच्यावर पैसे घालू की हालंडवर, असा वाद चालायचा. नोव्हेंबरनंतर वाद संपला, तो सगळ्यांकडे होता आणि सगळ्यांचा कॅप्टन होता. तिथून गेमची थोडी मजाही गेली, कारण जो सगळ्यांकडे आहे त्याने हॅटट्रिक केली तरी रँक जागची हलत नाही.

आणि मी युनायटेडचा. ५ जानेवारीला अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल-युनायटेड, आपल्याकडे रात्री दहाला सुरू. आमच्या लिसान्ड्रो मार्टिनेझने गोल केला तेव्हा उडी मारली, गाकपोने बरोबरी केली तेव्हा शिव्या घातल्या. मग ७०व्या मिनिटाला पेनल्टी, बॉलमागे सालाह. मी गप्प. बॉल आत गेला, तोंडातून 'च्यायला' निघालं, आणि त्याच श्वासात डोक्यात हिशेब चालू: पाच, दुप्पट दहा. शेजारी धाकटा भाऊ बसलेला, तोही युनायटेडवाला. माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तू नक्की कुणाकडनं आहेस?" पुढे आमच्या अमादने बरोबरी केली, शेवटी आमच्याच मॅग्वायरने गोलसमोरून बॉल आभाळात मारला, २-२. मला गुण मिळाले, टीमला पॉइंट मिळाला, तरी चव बिघडलेलीच.

आम्ही कोल्हापूरचे, इथे हे कुणाला सांगायची सोय नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा पोरगा समोरच्या शिवाजी तरुण मंडळाच्या स्ट्रायकरने गोल करावा म्हणून देव पाण्यात घालून बसलाय, असं नुसतं डोळ्यांसमोर आणा. पेठेत राहू देणार नाहीत. फँटसी हे रोज करायला लावतं. ज्याला आपल्या क्लबावरचा जीव असा वाटून टाकणं जमत नसेल त्याने ह्यात पडू नये, हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय. माझी स्वतःची टीम, म्हणजे युनायटेड, त्या वर्षी लीगमध्ये पंधरावी आली, त्यामुळे मला जरा सोपं गेलं म्हणा. अमाद सोडला तर त्यांचा एकही जण माझ्याकडे फार काळ टिकला नाही. साउदॅम्प्टनविरुद्ध त्याने शेवटच्या दहा मिनिटांत हॅटट्रिक मारली ती रात्र मात्र वसूल होती. फेब्रुवारीत घोट्याच्या दुखापतीने तोही गेला.

वेळेचं गणित भारतात बसून खेळणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं. डेडलाइन पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते. शनिवारी आपल्याकडे दुपारी साडेतीन, तिकडे हिवाळ्यात घड्याळ बदललं की साडेचार. शुक्रवारी रात्रीचा सामना असेल तर अकरा-बारा वाजता. अवघड असतो तो डिसेंबर. मंगळवार-बुधवारी सामने, डेडलाइन मध्यरात्रीच्या आसपास, आणि तीन दिवसांनी पुन्हा पुढची. आमच्यातले दोघं तिथेच गळाले, जखमी खेळाडूंसकट टीम महिनाभर तशीच पडून होती. आर्सेनलच्या साकाला २१ डिसेंबरला मांडीची दुखापत झाली आणि तो एप्रिलपर्यंत मैदानात आला नाही. एकाच्या टीममध्ये तो फेब्रुवारीतही दिसत होता.

न आवडलेल्या गोष्टी दोन. किमती रात्रीत ०.१ ने वरखाली होतात, आपल्याकडे सकाळी उठल्यावर कळतं. ज्याला लोक धडाधड घेतायत तो महागतो. विकताना नफ्याचा अर्धाच भाग हाती येतो: ७.० ला घेतलेला ७.३ झाला तर विकताना ७.१. परिणाम असा की शुक्रवारी प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदा होऊन कोण फिट ते कळेपर्यंत थांबणारा शहाणा माणूस पैशात मागे पडतो, आणि रविवारी रात्री उतावीळपणे बदल करणारा श्रीमंत होतो. फुटबॉलच्या खेळात शेअर बाजार कशाला?

दुसरी म्हणजे 'असिस्टंट मॅनेजर' चिप (चिप म्हणजे हंगामात मोजक्याच वेळा वापरता येणारी खास सवलत). हंगामाच्या उत्तरार्धात आणली. तीन आठवड्यांसाठी एक प्रशिक्षक घ्यायचा, त्याच्या टीमने सामना जिंकला की सहा गुण, टेबलात पाच किंवा जास्त जागा वर असलेल्या टीमला हरवलं की वर आणखी दहा. वर्षभर खेळाडू पारखून जमवलेले गुण एका अंदाजात धुऊन निघायचे. २०२५-२६ साठी ती काढून टाकली, चांगलं झालं. बाकीच्या चिप ठीक. ट्रिपल कॅप्टन (कॅप्टनचे गुण तिप्पट) बहुतेकांनी सालाहवर टाकला, फेब्रुवारीत लिव्हरपूलचे एका आठवड्यात दोन सामने आले तेव्हा. वादळामुळे डिसेंबरात पुढे ढकललेला एव्हर्टनचा सामना त्यात धरला होता. दोन सामन्यांत तीन गोल. ज्याने चिप त्याआधीच उडवली होती तो ग्रुपवर दोन दिवस दिसला नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो किमतींच्या भानगडीसाठी.

हे लिहिलं तेव्हा २०२५-२६ ची तयारी सुरू होती. त्या हंगामासाठी प्रत्येक चिप दोनदा ठेवली, हंगामाच्या प्रत्येक अर्ध्यात एकदा. डिफेंडरने एका सामन्यात क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल अशी बचावाची कामं मिळून दहा केली की दोन गुण वेगळे, असा नियमही तेव्हा आला. हा बदल मला फार पटला, कारण टारकोव्स्कीसारखा दिवसभर बॉल डोक्यावर घेणारा सेंटर बॅक तोवर क्लीन शीट गेली की कवडीमोल व्हायचा. त्या हंगामाच्या सुरुवातीच्या किमती: सालाह १४.५, हालंड १४.०, वूड ७.५. सालाह आणि हालंड दोघंही घेतले तर बेंच पुन्हा रिकामा, म्हणून मी एकच ठेवला. कोणता ते ग्रुपमधले हे वाचतात म्हणून सांगत नाही. पहिली डेडलाइन १५ ऑगस्ट २०२५ ला रात्री अकरा वाजता होती, झेंडावंदन करून आल्यावर भरपूर वेळ होता. आणि भावांनो, ह्या वेळी चार दशलक्षांचा न खेळणारा डिफेंडर घेऊ नका.