गुडघ्याच्या झिजेवर स्टेम सेल इंजेक्शन : उपचार आणि त्याबद्दलचे दावे

माझ्या उजव्या गुडघ्याची झीज मध्यम स्वरूपाची असून त्यावर एका खासगी दवाखान्यात मी स्वतःच्या अस्थिमज्जेतील (हाडांच्या आतल्या मऊ गरातील) पेशींचे, ‘स्टेम सेल’ म्हणून दिले जाणारे इंजेक्शन घेतले. वेदना काही प्रमाणात कमी झाली आहे. तरीही ज्या शब्दांत हा उपचार रुग्णांपुढे मांडला जातो, त्यांना माझा ठाम आक्षेप आहे.

प्रक्रियेबद्दल तक्रार नाही. कमरेच्या हाडाजवळचा भाग बधिर करून जाड सुईने मज्जा ओढली जाते, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तिच्यातील पेशी एकवटल्या जातात आणि सोनोग्राफीच्या आधाराने त्याच दिवशी गुडघ्यात सोडल्या जातात. स्वच्छता चोख होती आणि परिचारिकांनी मज्जा ओढतानाच्या कळेची कल्पना आधीच दिली होती.

मात्र झिजलेली कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) यामुळे पुन्हा तयार होते, असे मला निःसंदिग्धपणे सांगण्यात आले. वास्तविक मज्जेतील केंद्रकयुक्त पेशींमध्ये मूलपेशींचे (स्टेम सेलचे) प्रमाण फार तर दहा हजारांत एक इतके असते, आणि त्यांचा जो काही उपयोग होतो तो मुख्यतः दाह शमवणाऱ्या स्रावांमुळे होत असावा, असे मानले जाते. 2023 साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत सुमारे पावणेपाचशे रुग्णांवर मज्जा, चरबी आणि नाळ यांपासून मिळवलेल्या पेशींची तुलना नेहमीच्या स्टिरॉइड इंजेक्शनशी करण्यात आली, वर्षअखेरीस वेदनेच्या बाबतीत यांपैकी एकही प्रकार सरस ठरला नाही आणि एमआरआयमध्येही फरक आढळला नाही. त्याआधी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो : दोन्ही गुडघे दुखणाऱ्या 25 रुग्णांच्या एका गुडघ्यात मज्जेतील पेशी आणि दुसऱ्यात केवळ सलाइन सोडले गेले, तेव्हा दोन्ही गुडघ्यांना जवळजवळ सारखाच आराम पडला. संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी हे रुग्णाला सांगणे दवाखान्याचे कर्तव्य होते.

इंजेक्शनबरोबरच मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू झाले व वजनही उतरले, त्यामुळे आरामाचे श्रेय नेमके कशाला द्यावे हे ठरवता येत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र व्यायामाची आणि वजन घटवण्याची जोरदार शिफारस असून स्टेम सेल इंजेक्शन न देण्याचा सल्ला तितक्याच ठामपणे दिलेला आहे. डाव्या गुडघ्यासाठी हेच इंजेक्शन सुचवले गेले असता मी नकार दिला आणि फिजिओथेरपी चालू ठेवली. ज्यांना हा उपचार घ्यायचाच असेल, त्यांनी तो नोंदणीकृत चाचणीत, तुलनेसाठी दुसरा गट असेल तेथेच घ्यावा.