भोगलचा अफगाणी मुलांचा क्लास : पाचपैकी चार स्टार

दीड वर्ष झालं दर शनिवारी मी इथे गणित शिकवायला जाते, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा घरचाच समजा. दिल्लीत भोगलच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असेल तर आपण खालीच थांबायचं. फी नाही, पुस्तकं फुकट, आणि हिंदी अगदी अ आ इ पासून घेतात, ते लागतंच कारण पोरं दरी भाषेत शिकून आलेली.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. एका मुलीच्या वहीत धडाधड फुल्या मारल्या, नंतर कळलं की त्यांच्या आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, मी तिचे ५० चक्क ५ वाचत होते! गणित चोख होतं तिचं. काबूलला सहावी झाली, मग २०२१ ला तालिबान आले आणि मुलींची पुढची शाळाच बंद.

आता इथे शाळा उघडी आहे पण ती मुलगी १५ वर्षांची. आपला आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, वयाच्या १४ पर्यंत, नववीला घ्याच असं म्हणायला काही हातात नाही. नॉन-प्लॅन ॲडमिशनला (दिल्लीच्या सरकारी शाळांत बाहेरून येणाऱ्या मुलांचा प्रवेश) एका शाळेत तिच्या वडिलांसोबत गेले तर आधार आणा, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणा. टीसी कुठून आणणार हो, काबूलहून? यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड दिलं तर ते उलटसुलट करून बघत विचारलं, हे कसलं कार्ड? भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे समोरचा मानेल तेवढीच त्या कार्डाची किंमत. पुण्यात कॉलेजात अफगाणी पोरं खूप बघितली होती पण ती स्टुडंट व्हिसावर आलेली, हे प्रकरणच वेगळं.

क्लासचा खरा उपयोग इथे होतो. शाळेने परत पाठवलं की हे लोक एनआयओएसमधून (सरकारी मुक्त शाळेतून) दहावीची तयारी करून घेतात, १४ पूर्ण असले की चालतं आणि उर्दू माध्यम आहे, लिपी दरीसारखीच ओळखीची असल्याने पोरं पटकन वाचायला लागतात.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. रोजची बॅच संध्याकाळी ६ ते ८, थंडीत अंधार पडला की आया मुलींना पाठवत नाहीत आणि मोठी पोरं त्याच वेळी नानच्या भट्टीवर कामाला. दोनदा सांगून झालं, बघू म्हणतात.

सायन्सला सध्या कोणी नाहीये. जवळपास राहत असाल तर शनिवारी ४ नंतर या, हिंदी मोडकी असली तरी चालेल, पोरांची पण मोडकीच आहे.