बिलात नवं ॲप्रन, गाडीत जुनंच

आधी आकडे सांगतो. अपघातानंतर गाडीच्या दुरुस्तीचं बिल झालं १,६४,३८० रुपये. विमा कंपनीने त्यातले १,०१,२०० दिले. माझ्या खिशातून गेले ६३,१८०, आणि वर ८,००० रोख, ज्यांची पावती नाही. मी बँकेत नोकरी करतो. समोर येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला दिवसभर बजावत असतो, की आजोबा, पावती घेतल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका. हसा.

२०२३ ची भाऊबीज उरकून दुसऱ्या दिवशी साताऱ्याकडून पुण्याला येत होतो. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे इंग्रजी एससारखं वळण लागतं तिथे पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला आणि आमच्या गाडीचा डावा कोपरा त्याच्या मागच्या अँगलमध्ये घुसला. बायकोच्या गुडघ्याला खरचटलं, बाकी कुणाला काही नाही. गाडी मात्र पुढून डावीकडे पार दुमडली होती. क्रेनवाल्याने ४,५०० घेतले आणि ‘साहेब, ओळखीचं गॅरेज आहे, कॅशलेस होतं’ म्हणाला. क्रेनवाल्याची ओळख कशी असते ते तुम्हाला माहीत आहेच. मलाही माहीत होतं. पण रात्रीचे साडेआठ वाजलेले, शेजारी बायको रडतेय, मागे आई बसलेली. अशा वेळी कोण चौकशा करत बसतं? असो.

गॅरेज दिसायला चकाचक होतं. काचेची केबिन, एसी, कॉफीचं मशीन. मॅनेजर माझ्याहून दहा वर्षांनी लहान, गोड बोलणारा. त्याने एस्टिमेट समजावून सांगितलं. बोनेट, फेंडर, बंपर, हेडलाइट तर नवे लागणारच. शिवाय डावं ॲप्रन आणि डावा लाँग मेंबर ‘कट करून चेंज’. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फेंडर बोल्टने बसतो, काढला-लावला, विषय संपला. ॲप्रन आणि लाँग मेंबर हा गाडीचा सांगाडा. पुढच्या चाकाचा शॉकअप ज्या पत्र्याला वरून धरलेला असतो ते ॲप्रन, आणि बंपरपासून मागे जाणारी चौकोनी नळी तो लाँग मेंबर. हे कंपनीत स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. बदलायचे तर एकेक स्पॉट ड्रिलने सोडवावा लागतो, गाडी बेंचला, म्हणजे सांगाडा सरळ धरणाऱ्या लोखंडी चौकटीला, आवळून मापं घ्यावी लागतात, नवा तुकडा क्लँप करून त्यावर बोनेट-फेंडर-हेडलाइट नुसते टांगून फटी जुळतात का ते बघावं लागतं, आणि मगच वेल्डिंग. पुढे वेल्डिंगवर झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर. चांगल्या डेंटरचे तीन-चार दिवस जातात. हे सगळं ज्ञान मला नंतर आलं, पैसे गेल्यावर.

बिलात ॲप्रन ९,८५०, लाँग मेंबर ७,४२०, कटिंग-वेल्डिंगची मजुरी २४,०००, तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरून २८,३२०. एकूण ४५,५९० रुपये फक्त या दोन पत्र्यांसाठी. ते ८,००० रोख ‘चेसिस पुलिंग’चे, म्हणजे वाकलेला सांगाडा ओढून सरळ करण्याचे. म्हणे विमा कंपनी ते पास करत नाही. खोटं आहे. विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने ते मान्य केलं तर ओढण्याची मजुरीही एस्टिमेटमध्ये येते. कुणी असं रोख मागितलं तर त्याच क्षणी सर्व्हेअरला त्याच्यासमोर फोन लावा.

गाडी चार वर्षं पूर्ण झालेली, म्हणून लोखंडी भागांवर ३५ टक्के घसारा, प्लॅस्टिकवर ५०. घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर घेतलं नव्हतं, कारण एजंट म्हणाला, ‘तुमचं रनिंग कमी आहे.’ त्यामुळे नव्या पत्र्याचा तिसरा हिस्सा मीच भरत होतो. म्हणजे गॅरेजने दोघांना लुटलं, विमा कंपनीला आणि मला. हे मी विमा कंपनीला पुढे सतरा वेळा सांगितलं. त्यांना त्यांचे पैसे गेल्याचंही काही वाटलं नाही.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच आठवतो.

चोविसाव्या दिवशी गाडी घ्यायला गेलो. धुऊन, पुसून, सीटवर प्लॅस्टिक घालून उभी केलेली. बोनेटच्या उजव्या फटीत माझं नख जेमतेम शिरत होतं, डाव्या फटीत करंगळी गेली. गेली हो, करंगळी! मी विचारलं. ‘सर, रबर नवीन आहेत, पंधरा दिवसांत बसतील.’ मी बरं म्हटलं. बोनेट उघडलं तर डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर आणि चाकाच्या कमानीत जाड, काळं, डांबरासारखं कोटिंग मारलेलं. उजवीकडे मात्र साधा गाडीचा रंग. विचारलं, ‘एकाच बाजूला का?’ तो म्हणाला, ‘वेल्डिंग झालंय ना सर, गंजू नये म्हणून. बिलात नाही लावलं, आपल्याकडून फ्री.’

आणि मी त्याचे आभार मानले. नुसते आभार नाही, आत काम करणाऱ्या पोरांना पेढ्यांसाठी ५०० रुपये दिले. ज्या काळ्या रंगाखाली माझी फसवणूक झाकली होती, त्याच रंगाबद्दल मी बक्षिसी वाटली. जुने पार्ट दाखवा म्हटलं तर कोपऱ्यातला ढीग दाखवला. बोनेट, फेंडर, बंपर माझेच होते, ओळखले. कापलेलं ॲप्रन त्यात नव्हतं. ‘ते भंगारात गेलं, तुकडे होतात ना.’ हेही पटलं. पटायला नको होतं, पण बायको बाहेर रिक्षात बसून होती, शनिवार होता, आणि चोवीस दिवस रिक्षांवर पैसे घालवून मला गाडी हवी होती. त्या घाईत दोन कागदांवर सह्या केल्या. त्यातला एक ‘समाधानपत्र’. ‘कामाने पूर्ण समाधानी आहे.’ लक्षात ठेवा, हा कागद गाडी चालवून, उचलून, खालून बघून झाल्यावर. एसी केबिनमध्ये कधीच नाही.

साडेचार हजार किलोमीटरमध्ये डावं टायर आतल्या कडेने गुळगुळीत. गाडी एका बाजूला ओढते. तीन ठिकाणी अलाइनमेंट केली, प्रत्येकी ६५०. तिसऱ्या पोराने प्रिंट माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘काका, पैसे नका घालवू. टो, म्हणजे चाकाची दिशा, मी बसवतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बसणार नाही. उजवीकडे उणे अर्धा अंश आहे, डावीकडे उणे अडीच. ह्या गाडीत कॅम्बरला ॲडजस्टमेंटच नाही. शॉकअपचं डोकंच आत सरकलंय. ॲप्रन दाखवा कुणाला तरी.’ गॅरेजच्या वॉरंटीला त्या वेळी चार दिवस उलटून गेले होते. तीही फक्त रंगाची.

मग एका जुन्या डेंटरकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी रंगाची जाडी मोजणारा मीटर काढला नाही, काही नाही. उजव्या ॲप्रनवर बोटाच्या पेराने वाजवलं, टण् आवाज आला. डावीकडे वाजवलं, थप्प. ‘पत्रा बोलत नाही’ म्हणाले. स्क्रू ड्रायव्हरने ते काळं कोटिंग खरवडलं. खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भाकरीइतकी जाड, वाळून पापुद्रे सुटणारी. तिच्याखाली हातोडीचे खड्डे. आणि शॉकअपच्या घेराजवळ चिरेवर एक पिवळी रेघ. गॅसने पितळ मारलेलं. मग त्यांनी सांध्याच्या कडेने माझं बोट फिरवलं. बारीक गोल खळगे लागत होते, शिवणीच्या टाक्यांसारखे एका अंतरावर. ‘हे कंपनीचे स्पॉट. एकही सोडवलेला नाही. नवीन टाकलं म्हणता, मग हे टाके कुणी घातले?’

नवं काहीच टाकलेलं नव्हतं. साखळीने ओढलं, हातोडीने ठोकलं, लांबी भरली, काळं फासलं. शिवाय गॅसच्या आचेने तो मजबूत पत्रा मऊ पडतो, आणि पुढची धडक झाली की दुमडायला हवा तिथे दुमडत नाही, नको तिथे दुमडतो. डाव्या सीटवर माझी बायको बसते.

विमा कंपनीकडून री-इन्स्पेक्शनचे, म्हणजे सर्व्हेअरच्या फेरतपासणीचे, फोटो मिळवायला सात आठवडे आणि अकरा ईमेल लागले. फोटोत जमिनीवर ठेवलेलं कोरं, काळ्या प्रायमरचं ॲप्रन, स्टिकरसकट. मी तो चाचांना दाखवला. त्यांनी मोबाइल जवळ घेतला, लांब नेला, आणि हसले. ‘हे उजव्या साइडचं आहे.’ माझी गाडी डावीकडून ठोकलेली. म्हणजे त्या गॅरेजमध्ये फोटो काढण्यापुरतं एक ॲप्रन पडून असावं, आणि कुणाच्याही क्लेमला तेच झळकत असावं. लग्नात फोटोपुरता घेतलेला भाड्याचा शालूच जणू. सर्व्हेअर साहेबांनी ते बघून पास केलं. डावं-उजवं कळत नाही म्हणून, की कळतं म्हणून, हे तुम्हीच ठरवा.

आता यंत्रणांची गोष्ट. विमा कंपनीच्या शाखेत म्हणाले, टोल फ्रीवर सांगा. टोल फ्रीवर म्हणाले, मेल करा. मेलला उत्तर आलं, ‘आपण समाधानपत्रावर सही केली असल्याने क्लेम बंद.’ फोटो उजव्या ॲप्रनचा आहे, यावर एक अक्षर नाही. पोलीस चौकीत पाऊण तास बाकावर बसवलं, मग विचारलं, ‘गाडी चालते ना?’ चालते म्हटलं. ‘मग हा दिवाणी मामला.’ अहो, न बसवलेल्या मालाचं बिल लावणं याला चारसोवीस म्हणत नाहीत तर काय म्हणतात? हवालदार म्हणाला, ‘आम्हाला त्यातलं काय कळतंय, ॲप्रन म्हणजे स्वयंपाकाचा का?’ शेजारचे दोघे हसले. आरटीओत गेलो. सांगाडा असा ठोकलेली गाडी रस्त्यावर फिरतेय, तपासा तरी. ‘आमच्याकडे येत नाही.’ १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, अठरा दिवसांनी ‘कंपनीने उत्तर दिले आहे’ म्हणून बंद झाली. कंपनीचं उत्तर काय, तर माझंच समाधानपत्र. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर टाकलं, तिथूनही तक्रार त्याच कंपनीकडे आणि तेच उत्तर परत. विमा लोकपालाकडे कंपनीविरुद्ध जाता येतं, गॅरेजविरुद्ध नाही. एकाच चोरीचे दोन तुकडे करून दोन खिडक्यांवर उभं राहायचं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं, एवढं तरी बरं आहे. स्वतंत्र सर्व्हेअरचा अहवाल लागला, ५,००० रुपये. त्याच्या मीटरवर उजव्या ॲप्रनचा रंग ९६ मायक्रॉन, डाव्याचा १,४०० च्या वर. तारखा पडताहेत. समोरचा वकील येत नाही.

दुसऱ्या गॅरेजने खरोखर पत्रे बदलण्याचे ७८,५०० सांगितलेत. चाचा स्वतः म्हणाले, ‘माझ्याकडे बेंच नाही, मी हात लावणार नाही.’ असा नकार देणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. दोन टायर ९,४०० ला गेले. ४५ टक्के नो क्लेम बोनस गेला तो वेगळाच.

एक सुचतं ते लिहून टाकतो. गाडी सोडतानाच सांगाड्याच्या ठोकलेल्या पत्र्यावर मार्करने आपली सही करून फोटो काढा, आणि कापलेला तोच तुकडा सहीसकट परत मागा. वेल्डिंग झाल्यावर, प्रायमर मारायच्या आधी बोलवा म्हणून लेखी सांगा. नाही बोलावलं तर समजून जा. पार्ट विकत घेतल्याचं डीलरचं बिल मागा, गॅरेजचं स्वतःचं नव्हे. फ्रिजवरचं चुंबक खिशात असू द्या, जाड लांबीवर ते धरत नाही. आणि फुकट काळं कोटिंग मारून देतो म्हणाला, तर नको म्हणा.

सगळ्यात लाजिरवाणं शेवटी राहिलं. गाडी घेतली त्याच संध्याकाळी मॅनेजरने लिंक पाठवली होती आणि मी पाच तारे देऊन ‘विश्वासू सेवा’ असं लिहिलं होतं. ते वाचून माझ्या साडूंनी जानेवारीत त्यांची गाडी तिथेच दिली. मागून ठोकलेली, क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, ‘चेंज’. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा न राहवून डिकी उघडली आणि कार्पेट उचलून आतली कड खरवडायला लागलो. साडूंनी माझा हात धरला. ‘राहू द्या हो,’ म्हणाले, ‘चालतेय ना.’