अकरा कप्प्यांची बॅग आणि तिच्या मागून आलेला ‘रिफंड’

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर नोकरदार बायकांसाठी म्हणून एका टोट बॅगेची जाहिरात फिरत असते. टॅन रंग, ‘जेन्युइन लेदर’, आत अकरा कप्पे, 4,999 वर काट मारून 1,499. दुकानाचं नाव बदलत राहतं, फोटो तेच. ती बॅग मी मागवली आणि माझ्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या ताईंनीही मागवली. माझे दीड हजार गेले. त्यांचे त्याच्या कितीतरी पट गेले, आणि ते बॅगेपायी गेलेच नाहीत. हे लिहितेय ते खरं तर त्यांच्या बाबतीत जे झालं त्यासाठी, त्यांना विचारून. पण बॅगेचा भाग सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज लोकलने जाणाऱ्या बाईला बॅगेकडून काय हवं असतं, हे त्या जाहिरातवाल्याने फार बारकाईने पाहिलेलं होतं. व्हिडिओत एक हात एकेक वस्तू आत ठेवत जातो. पास मागच्या बाहेरच्या खिशात, म्हणजे टीसी आला की आख्खी बॅग उपसायला नको. बाटली उभ्या कप्प्यात, लॅपटॉपपासून लांब. ओली छत्री प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या वेगळ्या कप्प्यात. डबा तळाला आडवा. किल्ल्यांना हूक. आणि वर पूर्ण चेन. उघड्या तोंडाची टोट लोकलमध्ये काही कामाची नाही, गर्दीत ती पोटाशी धरली तरी वरून हात जातोच. बाजारातल्या निम्म्या सुंदर बॅगा इथेच बाद होतात. ही होत नव्हती. मी वर्षभर मनात जी यादी घेऊन फिरत होते ती कोणीतरी चित्र काढून समोर ठेवली होती.

मी कॅश ऑन डिलिव्हरी टाकलं. साइट ‘आधी पैसे भरा, शंभर रुपये सूट घ्या’ म्हणून मागे लागली होती, ती सूट सोडली. घरपोच आल्यावर पैसे द्यायचे म्हणजे धोका नाही, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. आता ऐका. पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात, घरी सासूबाई. त्यांनी उघडून दाखवायला सांगितलं, तर तो मुलगा म्हणाला, “आजी, आधी पेमेंट, मग पार्सल. उघडून दाखवायची परवानगी नाही.” त्याचंही चुकलं नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. काही मोठ्या कंपन्या काही वस्तूंसाठी ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी देतात, तिथे दारात उघडून बघता येतं. बाकी ठिकाणी कॅश ऑन डिलिव्हरीचा अर्थ एवढाच की बंद पिशवीचे पैसे दारात द्यायचे. आणि ठकसेनाला तर हे जास्त सोयीचं. गिऱ्हाईक निर्धास्त असतं, त्यामुळे चौकशी करत नाही.

बॅग घडी घालून कुरिअरच्या करड्या पिशवीत कोंबलेली होती. उघडल्यावर घरभर नव्या ताडपत्रीसारखा वास. लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव भलतंच, जाहिरातीतल्या दुकानाशी काडीचा संबंध नसलेलं, आणि पत्ता परराज्यातल्या कुठल्याशा गोडाऊनचा. ना छापील किंमत, ना बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, ना तक्रारीसाठी नंबर. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं वजनमापांच्या 2011 च्या नियमांनी बंधनकारक आहे. साध्या बिस्किटाच्या पुड्यावर असतं ते दीड हजारांच्या बॅगेवर नव्हतं.

आता ते अकरा कप्पे. मोठे कप्पे दोन, मधे पातळ अस्तराचा पडदा. आत चेनचा एक खिसा, बाहेर एक. झाले चार. उरलेले सात म्हणजे अस्तरावर मारलेल्या उभ्या टिपा. त्याला ‘कार्ड स्लॉट’ म्हणायचं. मी एटीएम कार्ड घालून पाहिलं, अर्धं आत गेलं आणि टीप उसवली. बाटलीचा उभा कप्पा नाही, छत्रीचा नाही. व्हिडिओत दिसणारं ते सगळं बॅगेचं नव्हतंच, आत वेगळा बसवायचा फेल्टचा ऑर्गनायझर असतो ना, तो होता. तो वेगळा विकत मिळतो. जाहिरातीत कुठेही तसं म्हटलेलं नाही, आणि ‘बॅगेत शिवलेले कप्पे’ असंही म्हटलेलं नाही. शब्द अगदी जपून वापरलेले.

लॅपटॉपचंही तेच. ‘15.6 इंची लॅपटॉप बसतो’ असं लिहिलेलं. 15.6 इंच हे स्क्रीनच्या कर्णाचं माप असतं. लॅपटॉप प्रत्यक्षात साधारण 36 सेंटिमीटर रुंद असतो. ही बॅग वरच्या तोंडाशी मोजली तर 38, पण ते बाहेरून, आणि चेनची दोन्ही टोकं आत शिवलेली, म्हणजे उघडते ती 33 पर्यंतच. लॅपटॉप तिरका करून कोंबला की चेन लागत नाही. बॅग घेताना टेप लावा ती चेन पूर्ण उघडल्यावर मिळणाऱ्या तोंडाला. बाकीची मापं दाखवायला असतात.

पट्ट्यांकडे मी सगळ्यात आधी पाहायला हवं असं स्टेशनजवळ बॅगांच्या चेन दुरुस्त करणाऱ्या काकांनी सांगितलं. त्यांनी बॅग उलटी केली. पट्टा एका रिव्हेटवर, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यावर टांगलेला, आणि रिव्हेटच्या मागे आतून ना कापड, ना चामड्याचा तुकडा. रिव्हेट थेट त्या पातळ मटेरियलमधून आरपार. “ताई, डबा, बाटली आणि लॅपटॉप टाकलात तर महिन्यात भोक मोठं होईल. पट्टा शिवलेला पाहिजे, चौकोन आणि त्यात फुली, अशी टीप.” मग पट्ट्याची कड नखाने खरवडली. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली पांढरं विणलेलं कापड दिसलं. खऱ्या चामड्याच्या मागच्या बाजूला तंतू दिसतात, विण दिसत नाही. हे पीयू होतं, म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. पीयू वाईट असतं असं नाही, त्या नावाने आणि त्या भावात विकलं तर ठीक आहे. पण आपल्या दमट हवेत त्याचे पोपडे सुटतात, आणि ‘जेन्युइन लेदर’ म्हणून ते विकणं सरळसरळ खोटं आहे. काकांनी चेनचा रनर, म्हणजे सरकणारी कडी बदलून द्यायची तयारी दाखवली, मग चेनचे दात बघून स्वतःच नको म्हणाले.

त्या रात्री साइट परत उघडून शांतपणे वाचली. ‘ऑफर संपायला 14 मिनिटं’ असं लाल घड्याळ होतं, पान पुन्हा उघडलं की घड्याळ परत पहिल्यापासून. अशी खोटी घाई लावण्याला केंद्र सरकारच्या 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक सूचनांत बंदी आहे. ‘आमच्याबद्दल’ मध्ये पत्ता नाही, कंपनीचं नाव नाही, फक्त एक जीमेल. ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे प्रत्येक साइटवर कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर हवंच. त्या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. आणि परतीचे नियम? त्यात लिहिलं होतं की सोल झिजलेला असल्यास माल परत घेतला जाणार नाही. बुटांच्या दुकानाचं पान जसंच्या तसं उचललेलं, वाचून बघायचेही कष्ट घेतलेले नाहीत. फोटो गुगल लेन्सवर टाकला तर तीच बॅग, तोच हात, तीच अंगठी, वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत वेगवेगळ्या भावांना.

इथपर्यंत प्रकरण दीड हजारांचं. इथून पुढे ताईंचं.

त्यांनाही तीच बॅग आली, रंग वेगळा. त्या चिडल्या आणि जाहिरातीखाली कॉमेंट टाकली, ‘फ्रॉड आहे, पैसे परत करा.’ दुसऱ्या दिवशी त्यांना व्हॉट्सॲप आला. डीपीला त्या दुकानाचा लोगो, भाषा एकदम अदबीची: मॅडम, असुविधेबद्दल क्षमस्व, तुमचा रिफंड मंजूर झाला आहे. ऑर्डरचा नंबर, रक्कम, पत्ता सगळं समोरच्याने बरोबर सांगितलं. आता हे त्या दुकानाचेच लोक होते की त्यांनी गिऱ्हाइकांची यादी पुढे कोणाला विकली, देव जाणे. पण पत्ता बरोबर सांगितल्यावर समोरच्यावर विश्वास बसतो, आणि तेवढ्यासाठीच तो सांगितला जातो.

मग फोन. माणूस हिंदीत, सावकाश, मागे कॉल सेंटरचा गलबला. “कॅश ऑन डिलिव्हरी होतं ना मॅडम, म्हणून पैसे कार्डावर परत येतील. एक फॉर्म पाठवलाय, इन्स्टॉल करून भरा.” हा शब्द ऐकून कान टवकारायला हवेत. फॉर्म भरतात, इन्स्टॉल करत नाहीत. आलेली फाईल एपीके होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं ॲप. त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, ती दिली गेली. फॉर्ममध्ये कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, आणि ‘पडताळणीसाठी 5 रुपये’. पाच रुपयांचं कोण काय मनावर घेतो? माणूस “लाइनवर राहा मॅडम, प्रोसेस चालू आहे” म्हणत बोलत राहिला. तो बोलत होता ते ताईंनी फोनकडे बघू नये म्हणून. ओटीपी त्यांनी कोणालाच सांगितला नाही, हे त्या आजही ठामपणे सांगतात आणि ते खरं आहे. सांगायची गरजच नव्हती. ॲप मेसेज वाचत होतं. दोन व्यवहारांत 28 हजारांच्या वर गेले.

त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिने ताईंचा फोन घेऊन आधी फ्लाइट मोडवर टाकला, म्हणजे ॲपला पुढचे मेसेज बाहेर धाडता येईनात. मग स्वतःच्या फोनवरून बँकेला लावून कार्ड बंद केलं आणि लगेच 1930 फिरवला. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. तिथे खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतात, तो पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये सापडतो. पैसे चोराच्या खात्यातून पुढच्या खात्यात, तिथून तिसऱ्या खात्यात पळवले जातात. मधे कुठे गाठता आले तर ती रक्कम तिथेच रोखून धरतात. म्हणून यात ‘संध्याकाळी घरी जाऊन ह्यांना विचारते’ चालत नाही. ताईंचा एक व्यवहार असा अडला, दुसरा निसटला.

बँकेत लेखी तक्रारही त्याच दिवशी दिली. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तेव्हा कळवल्याची वेळ कागदावर हवी. काउंटरवरच्या माणसाने ‘राहू द्या, बघतो’ म्हटलं तरी शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

त्यांचं बघून मी माझ्या बॅगेची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर टाकली. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. ज्याचा पत्ताच नाही त्याला नोटीस कुठे पाठवणार? नामांकित साइटवर फसगत झाली असती तर हीच तक्रार उपयोगी पडते, असं ज्यांची कामं झाली आहेत त्यांनी सांगितलं. जाहिरात मात्र तीन टिंबांवर जाऊन रिपोर्ट केली, आणि व्हॉट्सॲपचा तो नंबर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षु’ या सोयीत कळवला. तिथे पैसे गेलेले नसले तरी संशयित नंबर कळवता येतो.

कोणी विचारण्याआधीच सांगते, बॅग मी नंतर धारावीत, सायन-बांद्रा लिंक रोडवरच्या एका दुकानातून घेतली. लेदर नव्हे, जाड कॅन्व्हासची, फक्त पट्टे चामड्याचे. लॅपटॉप घरून नेला होता, घालून चेन लावून पाहिली, पट्टा उलटा करून आतलं बघितलं, दुकानदार जरा वैतागला. कप्पे चारच आहेत. छत्रीला वेगळी पिशवी लावते.

ताईंची अडवलेली रक्कम अजून खात्यात परत आलेली नाही. 1930 वर फोन केल्यावर मेसेजने जो पोच क्रमांक येतो, तो घेऊन सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर पूर्ण तक्रार भरावी लागते. ती त्यांनी भरली, स्क्रीनशॉट जोडले, पोलीस ठाण्यात जाऊन आल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. व्हॉट्सॲपवरचं ते सगळं संभाषण त्या रागाने पुसून टाकणार होत्या, शेजारच्या मुलीने हात धरला. तुमच्याकडेही असलं काही आलं असेल तर ब्लॉक जरूर करा, पण चॅट, कॉलची यादी आणि पार्सलवरचं लेबल तेवढं ठेवा. ठाण्यात पहिल्यांदा तेच मागतात.