आबांच्या रेडिएशनचा सहा महिन्यांनंतरचा अनुभव, आणि साच्याचे साडेतीन हजार

ऑक्टोबरात विचारलं असतंत तर दोन स्टार दिले असते, तेही मशीनवरच्या ताईंना. आता मार्चात चार देतोय. कापलेला एक साच्याचा.

आबा 71 वर्षांचे, तासगावकडचे द्राक्षवाले. सीएलएल, म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर, सहा वर्षांपासून आहे. त्याला औषध चालू नाही, दर तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करायची, पांढऱ्या पेशी 80 हजारांच्या आसपास. त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उजव्या कानापुढची गाठ मात्र दोनदा कापली आणि परत आली. कातडीचा कॅन्सर, स्क्वॅमस. दुसऱ्या वेळी मानेतल्याही काही गाठी काढल्या. रिपोर्टात एका गाठीत कातडीचा कॅन्सर, बाकीच्यांत सीएलएलच्या पेशी! डॉक्टर म्हणाले, सीएलएलमध्ये प्रतिकारशक्ती लंगडी असते, म्हणून हा परत उगवतो आणि मानेत उतरतो. नुसत्या ऑपरेशनवर थांबू नका. मग मिरजेत रेडिएशन: 60 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), 30 सिटिंग, सोमवार ते शुक्रवार. आबांच्या भाषेत ‘लाईट’.

आता साचा. जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून तोंडावर आणि मानेवर ओढतात. गार होताना ती आवळते, मग रोज तोच साचा घालून टेबलाला खटक्यांनी अडकवतात. आबा बाहेर यायचे तेव्हा कपाळावर आणि मिशीवर जाळीचे चौकोन उठलेले असायचे. किंमत साडेतीन हजार, रोख. पावतीवर नुसतं ‘इतर’.

अकराव्या सिटिंगला ताई म्हणाल्या, “काका, साचा ढिला झालाय, गळ्यापाशी बोट जातंय.” नवा साचा, नवा सीटी, पुन्हा साडेतीन हजार. मी काउंटरवर भांडलो. फवारणीच्या गनचा वॉशर गेला तरी दुकानदार बदलून देतो, आणि ही वस्तू तीन आठवडे टिकत नाही? आवाज जरा चढलाच माझा. आबा मागून म्हणत होते, “आरं जाऊ दे की.”

शेवटी फिजिसिस्टनं (किरणांचा हिशोब बघणारा) आत नेऊन दोन्ही सीटी शेजारी लावून दाखवले. साचा होता तसाच होता, मान बारीक झाली होती. ऑपरेशनची सूज उतरली होतीच, पण उजव्या बाजूला उरलेल्या सीएलएलच्या गाठी पार विरघळल्या होत्या. त्या थोड्याशा डोसनंही पटकन वितळतात म्हणे, कातडीचा कॅन्सर तेवढा मऊ नसतो. ढिल्या साच्यात मान हलली तर किरण भलतीकडे जाणार.

साच्याच्या दर्जाबद्दलचे शब्द मी मागे घेतले. पैशाबद्दलचे नाही. सीएलएल आहे हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, तर मधे साचा बदलावा लागेल हे आधी सांगायला काय जात होतं? तुमच्या घरी असा पेशंट असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, आणि दुसऱ्या साच्याचे पैसे घेणार का तेही.

मधे मशीन दोन दिवस बंद पडलं. ते खाडे त्यांनी शनिवारी भरून काढले, तक्रार नाही.

खरा त्रास लाईट संपल्यावर झाला. दहाव्या दिवशी कानाखालची कातडी ओली, सोललेली, आणि ऐन छाटणीचे दिवस. आबा ओला पंचा गुंडाळून बागेत उभे. तीन-चार आठवड्यांत भरून आली. तोंड उजवीकडून अजून कोरडंच आहे, भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय उतरत नाही. उजवा कल्ला गेला तो गेलाच. न्हावी जुळवायला डावाही उडवतो, पैसे तेवढेच घेतो.

फेब्रुवारीचा स्कॅन स्वच्छ आला. पण यानं ब्लड कॅन्सर बरा होत नाही: पेशी आहेत तेवढ्याच, डावीकडच्या गाठी जागच्या जागी. दर तीन महिन्यांनी डोक्यापासून पायापर्यंत कातडी तपासून घ्यायची. गांधी टोपीत कान उघडेच राहतात, म्हणून रुंद काठाची टोपी आणली. ती सध्या शेडमधल्या खुंटीवर असते.

दोन्ही साचे मी मागून घरी आणले, पैसे मोजलेत म्हटल्यावर तिथं कशाला सोडायचे. आबांनी ते ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, गळ्यापाशी बोटं लावून मापलं आणि म्हणाले, “दीड बोट.”