‘आपल्या पाल्याची निवड झाली आहे’: सातवीतल्या गुणवत्तेचा बाजार

अमेरिकेत राहणाऱ्या आणि मुले सहावी-सातवीत असलेल्या मराठी पालकांना सावध करण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सातवीत असताना तिच्या नावाने एक जाडजूड पाकीट आले. त्यावर हाताला लागेल असा उठावदार सोनेरी शिक्का होता, आत राष्ट्रीय पातळीवरील गुणवंत विद्यार्थिनी म्हणून तिची निवड झाल्याचे पत्र होते, आणि खालची निळी सही नीट पाहिल्यावर छापील असल्याचे कळत होते. शिक्षकांनी तिचे नाव सुचवले, असे पत्रात म्हटले होते; कोणत्या शिक्षकांनी, याचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर पत्र पाठवणाऱ्या संस्थेच्या बाईंचा फोन आला. नामवंत विद्यापीठांचे प्रवेश अधिकारी अशी लवकर मिळालेली मान्यता आवर्जून पाहतात, असे त्यांनी अत्यंत आत्मविश्वासाने सांगितले. सभासदत्व आणि एका प्रसिद्ध विद्यापीठाच्या आवारातील उन्हाळी शिबिर मिळून तीन हजार डॉलरच्या वर रक्कम भरली गेली. माहितीपत्रकावर विद्यापीठाचे नाव ठळक होते. मात्र जागा केवळ भाड्याने घेतलेली असून विद्यापीठाचा या उपक्रमाशी संबंध नाही, हे करारपत्राच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले होते. शिबिरात नेतृत्वगुणांवरची व्याख्याने झाली, खेळ झाले, शेवटी प्रमाणपत्र मिळाले. सांगलीच्या आजींनी त्याची चौकट करून घेतली, एवढाच काय तो त्याचा उपयोग.

या प्रमाणपत्राची खरी किंमत बारावीत कळली. अमेरिकेतील बहुसंख्य नामवंत महाविद्यालये स्वीकारतात त्या कॉमन अ‍ॅप या सामाईक ऑनलाइन प्रवेश अर्जात सन्मानांसाठी पाचच जागा असतात, प्रत्येकी शंभर अक्षरांच्या, आणि सन्मान कोणत्या इयत्तेत मिळाला हे विचारताना नववीपासून पुढचेच पर्याय दिलेले असतात. सातवी त्या यादीतच नाही. शाळेच्या काउन्सेलरांनी तर संस्थेचे नाव ऐकताच ती ओळ गाळायला सांगितली, कारण पैसे भरून मिळणारे असे सन्मान प्रवेश अधिकाऱ्यांच्या चांगलेच परिचयाचे असतात.

याचा अर्थ लहान वयातली गुणवत्ता ओळखणे हेच थोतांड आहे, असा मुळीच नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1970 च्या दशकाच्या प्रारंभी सातवी-आठवीतल्या मुलांना अकरावी-बारावीसाठीची एसएटी ही महाविद्यालय प्रवेशाची परीक्षा द्यायला लावून असा शोध सुरू केला. 1980 मध्ये ड्यूक विद्यापीठानेही तोच मार्ग धरला. त्यामागचा हेतू वर्गात कंटाळणाऱ्या मुलांना त्यांच्या झेपेइतके अवघड शिकायला मिळावे हा होता, प्रवेश अर्जावर ओळ वाढवणे हा नव्हता. अशा मुलाने पुढे वरच्या पातळीचे गणित लवकर घेतले, तर ते नववीनंतरच्या गुणपत्रिकेत आपोआप दिसते. एएमसी 8 या आठवीपर्यंतच्या मुलांच्या गणित स्पर्धेचेही तसेच आहे. ती परीक्षा स्वतः अर्जात फारशी मोलाची नाही, पण त्या अभ्यासावर मूल पुढे एएमसी 10 ही वरची स्पर्धा आणि तिथून एआयएमई या त्याहून अवघड निमंत्रित फेरीपर्यंत पोहोचले, तर एमआयटीसारखी संस्था आपल्या अर्जात ते गुण विचारते. नॅशनल मेरिट या राष्ट्रीय शिष्यवृत्ती स्पर्धेचा मानही अकरावीतल्या पीएसएटी या परीक्षेवर ठरतो.

आमचा पत्ता त्यांना कुठून मिळाला, हे शेवटपर्यंत कळले नाही. परंतु शाळांमधून महाविद्यालयीन माहितीच्या नावाखाली सर्वेक्षणे भरून घेऊन ती माहिती जाहिरातदारांना विकल्याबद्दल फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या हितासाठीच्या केंद्रीय सरकारी यंत्रणेने 2002 च्या सुमारास कारवाई केली होती, हे वाचल्यावर शिक्षकांच्या शिफारशीवरचा विश्वास उरला नाही.

पैसे परत मागितल्यावर, प्रवेशाची हमी आम्ही कधीच लेखी दिलेली नाही, असे उत्तर आले. ते शब्दशः खरेही होते, कारण जे काही सांगितले गेले ते फोनवर. क्रेडिट कार्ड कंपनीकडे हरकत घेण्याची मुदत तोवर केव्हाच उलटली होती. राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार केली आहे, परंतु संभाषणाचा पुरावा नसल्याने फारशी आशा नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना यंदा असाच फोन आला, तेव्हा त्यांनी कोणकोणती विद्यापीठे या मान्यतेला महत्त्व देतात ते ईमेलने लिहून पाठवा, एवढेच सांगितले. ईमेल आले नाही आणि फोनही पुन्हा आला नाही.